मायच्या उजव्या गालावरच्या रेघा

मायच्या उजव्या गालावर लाल रेघा होत्या आणि मला त्या आवडायच्या नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी फार शहाणी होते असा कुणाचा समज व्हायला नको. नाकपुडीच्या कडेपासून निघून गालाच्या उंचवट्यावर पसरलेल्या, दोऱ्याहून बारीक अशा त्या रेघा. सकाळी फिक्या असत, दुपारपर्यंत गडद होत. माय रंगाने उजळ, त्यामुळे लपायची सोय नव्हती. कॉलेजातल्या मैत्रिणी घरी यायच्या तेव्हा मी तिला हळूच म्हणायचे, "माय, पदर जरा पुढे घे ना." ती निमूट घ्यायची.

आमचं गाव एरंडोलजवळ. शेती कापसाची, घर खाऊनपिऊन सुखी. घरात मायचं फार चालायचं नाही. बैल कधी घ्यायचा, विहीर कुठे खोदायची, मुलीला किती शिकवायचं, हे सगळं आबा आणि वडील ठरवायचे. पण माय खापराचे मांडे करायला बसली की आबांसारखा तापट आजोबासुद्धा "जाळ वाढवू का?" असं तिला विचारून मगच लाकूड सरकवायचा.

मांडे करणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मोठं मातीचं भांडं, खाली लाकडांचा भडभडता जाळ. पुरण भरलेला गोळा थोडा लाटायचा, मग उचलून उघड्या हातांवर, तळव्यांपासून कोपरापर्यंत, फिरवत फिरवत परातीएवढा करायचा आणि न फाटू देता खापरावर टाकायचा. व्याह्यांच्या पंगतीला मांडा फाटका निघाला तर पोरगी नांदते तोवर ते ऐकवलं जातं. म्हणून आसपासच्या गावांत लग्न ठरलं की तारखेच्या पाठोपाठ आमच्याकडे निरोप यायचा, अक्काला सांगा. मायला सगळे अक्काच म्हणायचे. माय नवं लुगडं नेसून बैलगाडीत बसायची आणि तेवढ्या दिवसापुरती ती कुणाची सून नसायची, कुणाची बायको नसायची. ओटी भरून संध्याकाळी परत यायची तेव्हा तोंड लाल झालेलं असे आणि ती खूश असे.

मी जळगावला मुलींच्या शाळेत नोकरीला लागले. सातवी-आठवीला विज्ञान शिकवायचे. हेही मुद्दाम सांगते. रुधिराभिसरण संस्थेची आकृती फळ्यावर मी डोळे मिटून काढू शकायचे, आणि त्याच मी एका संध्याकाळी औषधाच्या दुकानात जाऊन म्हणाले, "तोंडावर लाल रेघा आहेत, काहीतरी चांगलं द्या." दुकानदाराने मागे न वळता, हात मागे नेऊन एक ट्यूब काढून दिली. पांढरं मऊ मलम. "सगळ्याला चालतं," म्हणाला. ते काय आहे, कुणी लावायचं, किती दिवस लावायचं, मी काही म्हणजे काही विचारलं नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी गेले तेव्हा ती ट्यूब मायला दिली. आठ दिवसांत रेघा फिक्या पडल्या. मायने आरशात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "शिकाडं ते वाया गयं नही तुले." वडिलांनी आपल्या हाताच्या खाजेलाही तीच लावली आणि तेही बरे झाले. मला वाटलं, झालं, जिंकलं. दर खेपेला मी दोन ट्यूबा घेऊन जाऊ लागले.

सहा-आठ महिन्यांनी चित्र पालटायला लागलं. गालाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ दिसू लागली. बारीक पुटकुळ्या आल्या. रेघा परतल्या त्या दुप्पट होऊन, आणि आता नुसत्या रेघा नव्हत्या, सगळा गालच लालबुंद. दोन दिवस मलम लावलं नाही की तोंड पेटायचं, म्हणून माय पुन्हा लावायची. मी काय केलं? आणखी ट्यूबा नेल्या.

त्या वर्षी कुष्ठरोगाच्या तपासणीची माणसं गावोगाव फिरत होती. घरोघर जाऊन पाठ, हात, तोंड पाहायची. आमच्या गल्लीत आलेल्या माणसाने प्रत्येक घरी पाच मिनिटं घेतली आणि आमच्या ओट्यावर पंधरा. मायचा गाल त्याने उजेडाला धरून दोनदा पाहिला, टाचणीने टोचून पाहिलं, "लागतंय का?" विचारलं. "लागतंय," माय म्हणाली. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि तो गेला. त्याने काही वावगं सांगितलं नाही, कुणाला काही बोललाही नाही. पण समोरच्या ओट्यावरून बायका बघत होत्या आणि त्यांनी ती पंधरा मिनिटं मोजली.

रोगाचं नाव कुणी घेतलं नाही. फक्त पुढच्या दोन लग्नांना निरोप आला नाही. तिसऱ्या लग्नात माय पाहुणी म्हणून गेली आणि सवयीने परातीकडे वळली, तर एक बाई म्हणाली, "बसा ना अक्का, आम्ही आहोत." मायने हात धुतलेले होते, ते तसेच पदराला पुसले. उघड्या हातांवर ज्याचं पीठ फिरतं त्याच्या कातडीचा संशय आला की पुढे कुणाला काही बोलावं लागत नाही. हे मला मायने सांगितलं नाही, वडिलांनी सांगितलं, तेही बसस्टँडवर, बस सुटता सुटता.

मग धुळ्याच्या मामाच्या मुलीचं लग्न ठरलं. मामा म्हणजे मायचा सख्खा भाऊ. पोरगी मायच्या अंगाखांद्यावर वाढलेली. आणि मामाचा निरोप आला, "अक्काले सांगा, ह्या बारीले आराम कर. पाहुनी व्हईसन ये." निरोप गोड होता. मायने तो ऐकला, दाण्याचं सूप खाली ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने एकटी जळगावला आली. शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. मी तास टाकून बाहेर आले तर म्हणाली, "माले चांगला डाक्टर दखाड." उभ्या आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

कातडीच्या डॉक्टरांचा दवाखाना एका सराफी दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. डॉक्टर वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी मायला खिडकीशी बसवलं. कापसाची वात गालावरून फिरवली, डोळे मिटून सांगायला लावलं कुठे लागतंय ते. मग टेबलावरून एक छोटी काचपट्टी घेतली आणि गालावर दाबली. काचेखालची लाली गेली, गाल पांढरा पडला. काच उचलली, लाली हळूहळू परत भरली.

"पुन्हा करा," माय म्हणाली. तिने भिंतीवरचा छोटा आरसा मागून घेतला आणि डॉक्टरांकडून ते तीनदा करवून घेतलं. मला जरा लाजच वाटली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कातडीखाली रक्ताच्या बारीक नळ्या असतात. उष्णतेने त्या फुगतात, गारव्याने आकसतात. वर्षानुवर्षं जाळासमोर फुगत राहिल्या की सैल पडतात, इलास्टिक सैल पडतं तशा, आणि मग मिटत नाहीत. उन्हानेही होतं, काही घराण्यांत जास्त होतं. "पण तुमचं उजवीकडेच आहे," ते म्हणाले. "डावा गाल बघा, स्वच्छ. चूल उजवीकडे असते का?"

"समोर राहस," माय म्हणाली. "मी जराशी वाकडी बसस. सवय शे."

मग त्यांनी विचारलं, काही लावता का. मायने पिशवीतून अर्धी पिळलेली ट्यूब काढून दिली. ती पाहून डॉक्टरांनी चष्मा काढला. या मलमाने आधी नळ्या आकसतात म्हणून बरं वाटतं, ते म्हणाले, पण पुढे कातडी पातळ होते, नळ्या आणखी उघड्या पडतात, आणि सोडलं की आग होते म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. "किती दिवस लावताय?"

"दीड वर्ष," मी म्हणाले.

"दिली कुणी?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी माय बोलली. "मीच आनी. दुकानातून."

"मावशी, दुकानदार म्हणजे डॉक्टर नव्हे. तोंड जाळून घेतलंत तुम्ही," डॉक्टर म्हणाले, आणि आणखीही बरंच बोलले. माय मान खाली घालून ऐकत राहिली. आणि मी, विज्ञानाची शिक्षिका, शेजारच्या खुर्चीवर गप्प बसले. आजही ती खुर्ची आठवली की मला माझा संताप येतो.

उपाय त्यांनी सांगितले ते असे. मलम बंद. जाळापासून आणि उन्हापासून तोंड सांभाळायचं, गार पाण्याने धुवायचं, तिखट आणि कडक चहा कमी. महिना-दीड महिना चेहरा आणखी पेटेल, घाबरायचं नाही, मग उतरेल. रेघा मात्र आपोआप जाणार नाहीत. त्यांना विजेच्या बारीक सुईने एकेक नळी जाळता येते, तीन-चार खेपा लागतात, आपल्या रंगावर कधी काळा ठिपका राहतो आणि चुलीपुढे बसणं तसंच राहिलं तर नव्या येतात. मोठ्या शहरात किरणांचं यंत्र आलंय म्हणतात, पण त्यांनी स्वतः ते वापरलेलं नव्हतं. मी लगेच सुईच्या तारखा विचारायला लागले.

मायने एकच विचारलं. "हाई दुसराले लागस का?"

"अजिबात नाही."

"हातना काही संबंध?"

"काही नाही मावशी. हात स्वच्छ आहेत तुमचे."

माय उठून उभी राहिली. तिचं काम झालं होतं. रेघा घालवायला मी आले होते, ती त्यासाठी आलीच नव्हती, आणि हे मला जिना उतरताना कळलं. तरी मी मागे फिरून डॉक्टरांकडून एक चिठ्ठी लिहून घेतली, हा आजार संसर्गजन्य नाही अशी, सहीशिक्क्यानिशी. मला वाटलं आता कुणाची काय बिशाद.

लग्नाला तीन आठवडे होते. म्हणजे हिशोबाने चेहरा सगळ्यात वाईट असायचा तेव्हाच. ते तीन आठवडे माय माझ्या खोलीवर राहिली. तोंड सुजलं, गाल विस्तवासारखा लाल झाला, पाणी लागलं तरी चरचरायचं. मी ओला पंचा घडी करून द्यायचे. सकाळी ती खिडकीशी बसून चहाचा रिकामा काचेचा पेला गालाला लावायची. आग शमवते आहे, असं मला वाटायचं. "ओलं फडकं घे ना, पेला काय?" मी म्हणायचे. ती हं म्हणायची आणि आरशात बघत राहायची.

धुळ्याला निघताना मी पर्समध्ये एक नवी ट्यूब टाकली. हो, टाकली. पंगतीच्या दिवशी सकाळी, मामाच्या घराच्या मागच्या खोलीत, दार लोटून मी ती मायपुढे धरली. "एकच दिवस लाव. आज लावलं की दुपारपर्यंत उतरेल. आजच्या दिवसाचा प्रश्न आहे." डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला पाठ होतं, तरी म्हणाले.

मायने ट्यूब हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली. "आज लावसू, मंग उद्या?" ती म्हणाली. मग साध्या मराठीत, मला नीट कळावं म्हणून असेल, "हेच तोंड घेऊन मला पुढची लग्नं करायची आहेत."

मागच्या अंगणात चार खापरं चढली होती. पीठ मळून तयार होतं, पुरणाचे गोळे झाकून ठेवले होते. नातेवाईक सात-आठ बायका. व्याही मंडळी दुपारी यायची होती. माय अंगणात आली आणि सगळ्यांचे हात थांबले. तिचा गाल खरंच बघवत नव्हता. मामी पुढे आली. ती वाईट बाई नव्हती, पण पोरीच्या सासरचे लोक पुढच्या खोलीत येऊन बसणार होते आणि भीतीने तिचा आवाज बारीक झाला होता. "अक्का, तुम्ही आत बसा ना. दमला असाल."

आता माझी वेळ आली, असं मला वाटलं. मी पर्समधून चिठ्ठी काढली आणि मोठ्याने वाचून दाखवली. ती इंग्रजीत होती. मग मी तिचं मराठी करून सांगितलं, वर्गात सांगते तसं. बायका ऐकत होत्या आणि एकेकीचं तोंड आणखी उतरत होतं. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "चिठ्ठी आणायला लागली म्हणजे बघ." मी तिथेच विझले. एवढी शिकलेली मी, आणि इतकी साधी गोष्ट मला कळली नव्हती, की ज्याला काही नसतं तो चिठ्ठी घेऊन फिरत नाही.

मायने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओट्यावर चहाचे धुतलेले पेले पालथे घातले होते, त्यातला एक तिने उचलला. अंगणाच्या मध्यभागी, उन्हात आली. पेल्याचं बूड गालावर दाबलं आणि म्हणाली, "दखा."

काचेतून गाल पांढरा दिसत होता. तिने पेला काढला. लाली परत आली.

"दाबं तं जास, सोडं तं येस," माय म्हणाली. "रोग असा जास-येस का? हाई रक्त शे. मना अंगनं रक्त. पंचवीस वरीस तुमना खापरपुढे तापेल शे."

तिने पेला त्या म्हातारीपुढे धरला. म्हातारीने आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिला, दुसरीला विचारलं, "दिसतंय का काही?" दुसरीने वाकून पाहिलं. म्हातारीच्या गालावरही चार रेघा होत्या, काचेखाली त्याही गेल्या. मग पेला हातोहात फिरला. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बायका त्या. बहुतेकींच्या तोंडावर कमीजास्त काहीतरी निघालंच. एकीला हसू आलं. शेवटी पेला मामीकडे आला. तिने तो गालाला लावला नाही. तो खाली ठेवला, मायच्या उजव्या गालाला आपली बोटं लावली, दाबली, सोडली, आणि तिचे डोळे भरले.

"अक्का," ती म्हणाली, "परात देऊ का?"

माय बसली. नेहमीसारखी, जाळाला उजवी बाजू देऊन. मी धावले. "माय, उजवी नको. डॉक्टरांनी सांगितलंय. दुसरीकडून बस." तिने माझं ऐकून जागा बदलून पाहिली, डावी बाजू जाळाकडे केली. पहिला मांडा तिच्या हातावरच फाटला. असं मी कधी पाहिलं नव्हतं. तिने तो गोळा बाजूला ठेवला आणि पुन्हा आपल्या जुन्या बाजूने बसली. "नही जमत," म्हणाली.

"कसं जमेल?" मामी माझ्याकडे पाहून म्हणाली. ती ओला पंचा घडी करून मायच्या गालावर बांधत होती. "माझ्या लग्नात हिनं मांडे केले तेव्हा तू तीन महिन्यांची होतीस. घरी ठेवायला कुणी नाही. तुला डाव्या मांडीवर पदराखाली निजवायची आणि स्वतः अशी आडवी व्हायची, जाळ आणि तुझ्या मधे. बाकीच्या म्हणायच्या, अक्का, समोर बस, हात पोळेल. ऐकायची नाही. दोन-तीन वर्षं सगळी लग्नं अशीच केली. मग तू मोठी झालीस, पण तिचे हात तसेच बसले."

मी खापराकडे बघत राहिले. माझ्या पर्समध्ये ती ट्यूब होती. पदर पुढे घे, असं मी तिला किती वेळा म्हणाले होते ते आठवलं, आणि दवाखान्यातली खुर्ची आठवली. मी तिथे, सगळ्या बायकांसमोर सांगितलं की ती ट्यूब मायने आणलेली नाही, मी आणली, दीड वर्ष मीच आणत होते, आणि डॉक्टरांची बोलणी मी तिला खाऊ दिली.

माय मांडा फिरवत होती. मान वर न करता म्हणाली, "तू मास्तरीण शेस. तुले बोलनी कशी बसू देऊ?" आणि मग, "लाकूड सरकाव जरा. जाळ कमी पडस."

त्या दिवशी पंगतीत एकही मांडा फाटका गेला नाही. एक फाटला होता तो मी खाल्ला.

दोन-अडीच महिन्यांत चेहरा उतरला. कातडी पुन्हा जाड व्हायला वर्ष गेलं. रेघा राहिल्या. सुईसाठी मी पुष्कळ मागे लागले, ती आली नाही. मांड्याला बसताना मात्र ओला पंचा बांधायला लागली आणि तिचं बघून इतरही बांधू लागल्या. निरोप पुन्हा यायला लागले.

आता माझं वय तेव्हाच्या मायपेक्षा जास्त आहे. घराण्याचा गुण म्हणा, माझ्याही गालांवर रेघा आल्या आहेत, चार इकडे, चार तिकडे, दोन्हीकडे सारख्या. मायच्या डाव्या गालावर शेवटपर्यंत एकही नव्हती. त्या बाजूला मी होते.